हाफकिनचे वर्ष पावसाळ्याआधी सुरू होते

जूनमध्ये महाबळेश्वरची बाजारपेठ रिकामी होते आणि तालुक्याचा खरा हंगाम सुरू होतो. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, भाताची लावणी, आणि बांधावर, गवतात, कधी चुलीजवळच्या लाकडांत निघणारे साप. कोयना जलाशयाच्या पलीकडच्या गावात साप चावला, तर माणसाला लाँचमधून तापोळ्याच्या आरोग्य केंद्रात आणायचे. तिथे कोणती लस-औषध कंपनी किती फायद्यात आहे हे कुणी विचारत नाही. प्रतिसर्पविषाची बाटली आहे का, एवढेच विचारतात.

बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी असते. त्यात दहा मिलिलिटर शुद्ध पाणी सोडायचे आणि बाटली हलक्या हाताने फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. एका रुग्णाला अशा आठ-दहा बाटल्या सलाइनमधून द्याव्या लागतात, कधी त्याहून जास्त. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर हे एकच औषध चालते. महाराष्ट्रात ते बनवणाऱ्यांत मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव सर्वांत जुने.

संस्थेची परळची इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होती. उन्हाळ्यात हेच गव्हर्नर महाबळेश्वरला मुक्कामाला असत. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या घरातच पटकीने वारल्या, आणि पुढे गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्याच वास्तूत आली. 1925 मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. 1975 मध्ये संशोधन संस्थेकडे राहिले आणि उत्पादन राज्य सरकारच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले.

महामंडळ म्हटले की ताळेबंद आला. पण या ताळेबंदाचे गणित अवघड आहे. पोलिओचे थेंब हा महामंडळाचा मोठा माल. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लस जितकी यशस्वी, तितकी तिची बाजारपेठ आटत जाणार. मला यात अपयश दिसत नाही. सरकारी कारखाना असावा तो अशाच मालासाठी.

प्रतिसर्पविषाचे तसे नाही. त्याची गरज दरवर्षी पावसाबरोबर येते. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. आणि हे औषध यंत्रावर नाही, घोड्यावर तयार होते. पिंपरीच्या तबेल्यात घोड्यांना विषाचे अगदी सूक्ष्म डोस वाढवत नेत टोचतात. रक्तात प्रतिपिंडे पुरेशी व्हायला काही महिने जातात. मग रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करायचा, त्यावर पेप्सिनची प्रक्रिया करायची, शुद्ध करायचा, गोठवून सुकवायचा. मे महिन्यात ऑर्डर देऊन जूनमध्ये माल मागणाऱ्याला घोडा काय उत्तर देणार?

अशा घोड्यांनीच पुण्यातली एक मोठी कंपनीही घडवली. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्ममधले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला जात. हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. डोसांच्या संख्येत ती आज जगातली सर्वांत मोठी लस-उत्पादक आहे. हाफकिनचे भांडवल आणि निर्णय मात्र मंत्रालयातल्या फायलींवर अवलंबून राहिले, आणि दोघांमधल्या अंतराचे मोठे कारण मी तिथेच शोधेन.

म्हणून हाफकिनची वार्षिक कामगिरी केवळ एप्रिल ते मार्चच्या नफ्या-तोट्यात मोजणे मला पटत नाही. पुढच्या पावसाळ्याची मागणी आदल्या पावसाळ्यातच पक्की व्हावी, पैसे वेळेवर चुकते व्हावेत, आणि जुलैत तापोळ्यासारख्या किती केंद्रांत पुरेशा बाटल्या होत्या, हा आकडा अहवालात पहिल्या पानावर छापावा.