व्याख्यान आणि विद्यार्थी श्रोता : एक मागोवा

महाविद्यालयाच्या नेमलेल्या अध्यापकवर्गाबाहेरील एखाद्या जाणत्या व्यक्तीने विद्यार्थ्यांसमोर येऊन एका विषयाची मांडणी करावी, आणि विद्यार्थ्यांनी ती ऐकून आपापल्या परीने तिचा विचार करावा, ही प्रथा महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांची झाली आहे. या प्रथेचा इतिहास आजवर बहुधा वक्त्यांच्या नावांनी सांगितला गेला. कोणत्या वर्षी कोण आले आणि काय बोलले याच्या नोंदी सापडतात. समोर बसलेल्या विद्यार्थ्याने त्याचे पुढे काय केले, याची नोंद क्वचितच मिळते. व्याख्यान आणि भाषण हे शब्द आज समानार्थी झाले असले तरी ‘व्याख्यान’ या शब्दात उलगडून सांगण्याचा अर्थ आहे, म्हणजे ज्याला उलगडून हवे आहे असा श्रोता त्यात मुळातच गृहीत धरलेला आहे. त्या श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर या परंपरेचे टप्पे वेगळे दिसू लागतात.

पहिला टप्पा मुंबईचा. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि अध्यापक यांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने काम करू लागल्या. या सभांची रीत आजच्या वाचकाला विशेष वाटेल, कारण तेथे विद्यार्थी व नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण स्वतःच निबंध लिहून आणत, ते सभेपुढे वाचत आणि त्यांवर चर्चा करीत. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात कायमची सीमारेषा नव्हती. आज ऐकणारा पुढच्या सभेत वाचणारा असे. दादाभाई नौरोजी याच मंडळीतले होते, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४९ मध्ये, या सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू करून आपला वेळ देऊन त्या चालवल्या. सभेत वाचलेल्या निबंधाचा परिणाम वर्षभरात शाळेच्या रूपाने दिसावा, हे या परंपरेच्या आरंभीचे वैशिष्ट्य पुढे इतक्या ठळकपणे पुन्हा आढळत नाही.

पुण्यात १८७५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने त्या वर्षी वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वसंत ऋतूत भरते म्हणून ती ‘वसंत’ व्याख्यानमाला, आणि तिचे काम पाहणाऱ्या सभेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा, म्हणजे वक्तृत्वाला उत्तेजन देणारी सभा. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि त्यांची जी व्याख्याने येथे झाली त्यांपैकी पंधरा आज उपलब्ध आहेत. ती उपलब्ध राहिली याचे श्रेय श्रोत्यांकडे जाते. स्वामीजी हिंदीत बोलत होते, ऐकणाऱ्यांनी त्यांचा आशय मराठीत टिपून घेतला, तो छापला गेला, आणि पुढे त्या मराठीवरूनच तो पुन्हा हिंदीत नेण्यात आला. ज्या भाषेत व्याख्यान झाले त्या भाषेला ते श्रोत्यांच्या टिपणांतून परत मिळाले, ही गोष्ट टिपण काढण्याच्या सवयीचे मोल सांगण्यास पुरेशी आहे.

रानड्यांचे स्वतःचे एक व्याख्यान येथे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण महाविद्यालयात आलेल्या पाहुण्या वक्त्याने काय साधावे याचा तो उत्तम नमुना आहे. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्र या विषयावर व्याख्यान दिले. त्या काळी महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवले जाई ते इंग्रज ग्रंथकारांच्या पाठ्यपुस्तकांतून, आणि त्या पुस्तकांतील नियम भौतिकशास्त्राच्या नियमांसारखे सर्व देशांना व सर्व काळांना लागू आहेत असे मानले जाई. प्रत्येक व्यक्ती केवळ स्वतःचा फायदा पाहते, भांडवल आणि श्रम जेथे अधिक मोबदला मिळेल तेथे मोकळेपणाने जातात, आणि म्हणून सरकारने उद्योगव्यापारात हस्तक्षेप करू नये, अशी ती मांडणी होती. रानड्यांनी या गृहीतांनाच हात घातला. ज्या देशात माणसाचे स्थान कुटुंब आणि जात ठरवतात, जेथे करारापेक्षा रूढी बलवान आहे आणि भांडवलाला सहज वाट नाही, तेथे ही गृहीते टिकत नाहीत, असे त्यांनी दाखवले. आर्थिक नियम देशकालसापेक्ष असतात असे मानणाऱ्या जर्मन विचारवंतांचा, विशेषतः फ्रेडरिक लिस्टचा, त्यांनी आधार घेतला आणि देशी उद्योग उभारण्यात राज्यसंस्थेची जबाबदारी असते असे प्रतिपादन केले. परीक्षेसाठी जे पुस्तक पाठ करायचे त्याच पुस्तकाची मर्यादा विद्यार्थ्यांना त्यांच्याच महाविद्यालयात एका न्यायाधीशाने समजावून सांगितली. भारतीय अर्थविचाराच्या इतिहासात हे व्याख्यान आज आरंभीच्या ग्रंथांइतकेच महत्त्वाचे मानले जाते. पाहुणा वक्ता अभ्यासक्रमाला पूरक असावा असे हल्ली म्हटले जाते. रानड्यांनी अभ्यासक्रमाची चिकित्सा केली, आणि विद्यार्थ्याला खरी गरज तिचीच होती.

या सभागृहांच्या दाराशी थांबलेला समाज मोठा होता, हे विसरून चालणार नाही. उच्च शिक्षण मूठभरांच्या हाती होते आणि व्याख्यानांची भाषा पुष्कळदा इंग्रजी असे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने आपला विचार गावोगाव पोहोचवण्यासाठी पुढे जलशाचा मार्ग घेतला. तमाशाच्या अंगाने जाणाऱ्या, गीत आणि संवाद यांनी बांधलेल्या या प्रबोधनपर प्रयोगाला शाळेचा उंबरा न ओलांडलेला श्रोता मिळाला. स्त्रियांच्या बाबतीत, १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला तेव्हा स्त्रीने सभेत बोलावे यालाच विरोध झाला. तो विरोध घरातल्या बायकांकडूनही कसा झाला, हे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींत वाचायला मिळते.

व्याख्यान आणि विद्यार्थी यांच्या संबंधाचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र महाराष्ट्राबाहेर घडले, जरी त्यातला विद्यार्थी कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या उद्घाटनानिमित्त झालेल्या समारंभात गांधीजींनी भाषण केले. व्यासपीठावर अलंकार घालून बसलेल्या संस्थानिकांना त्यांनी देशाच्या दारिद्र्याची आठवण करून दिली, विद्यार्थ्यांशी परभाषेत बोलावे लागते याबद्दल खेद व्यक्त केला, आणि बोलणे व्हाइसरॉयच्या बंदोबस्ताकडे व क्रांतिकारकांकडे वळल्यावर ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला. काही संस्थानिक उठून गेले आणि भाषण अपुरे राहिले. बडोद्यात शिकणारा विनायक नरहर भावे त्या सभेत नव्हता. २५ मार्च १९१६ रोजी तो इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, वाटेत सुरतेला उतरून काशीला गेला, आणि तेथे त्या भाषणाचा वृत्तान्त त्याने वर्तमानपत्रात वाचला. त्याला शंका आल्या, त्या त्याने पत्राने गांधीजींना कळवल्या, उत्तर आल्यावर पुन्हा लिहिले, आणि अखेर गांधीजींनी आश्रमात येण्यास सांगितले. ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचला आणि पुढे विनोबा या नावाने देशाला परिचित झाला.

या घटनेचा उल्लेख भाषणाच्या प्रभावाचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. परंतु काशीतील ते भाषण शेकडो विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष ऐकले होते, आणि विनोबांना मिळाला तो केवळ छापील वृत्तान्त, तोही अपुऱ्या राहिलेल्या भाषणाचा. फरक पडला तो पत्रामुळे. ऐकलेल्या किंवा वाचलेल्या विचाराला प्रश्न विचारण्याचे आणि उत्तर येईपर्यंत तो प्रश्न मनात जागा ठेवण्याचे काम त्या विद्यार्थ्याने केले. ‘प्रेरणादायी’ हे विशेषण हल्ली वक्त्यापुढे सर्रास जोडले जाते. विनोबांच्या बाबतीत त्या प्रेरणेचा मोठा वाटा श्रोत्याने स्वतः उचललेला दिसतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पुण्यातील दोन व्याख्याने या परंपरेत वरच्या स्थानी आहेत. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृतिव्याख्यानात त्यांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील संघराज्याच्या योजनेची, म्हणजे ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांना एकत्र जोडण्याच्या योजनेची, कलमवार चिकित्सा केली. १८ जानेवारी १९४३ रोजी डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून, रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला, त्यांनी गोखले स्मारक सभागृहात ‘रानडे, गांधी आणि जिना’ या विषयावर व्याख्यान दिले. जयंतीच्या प्रसंगी गौरवपर बोलण्याची रूढी असताना त्यांनी मोठा माणूस कोणास म्हणावे या प्रश्नापासून सुरुवात केली आणि विभूतिपूजेवर कठोर प्रहार केला. व्याख्यानावर वृत्तपत्रांतून टीका झाली, आणि ते छापताना त्यांनी प्रस्तावनेत तिचा समाचार घेतला. वक्त्याने आपले म्हणणे छापून पुन्हा वादासाठी खुले करावे, ही शिस्त या दोन्ही व्याख्यानांना लाभली, म्हणून ती आजच्या विद्यार्थ्यालाही उपलब्ध आहेत.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये तालुक्यांपर्यंत गेली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, एस. टी. १ जून १९४८ पासून धावू लागली होती, आणि वक्ता एस. टी.ने येतो, प्राचार्यांच्या घरी जेवतो व रात्रीच्या गाडीने परत जातो, हे चित्र पुढची काही दशके ठरून गेले. याच काळात बहिःशाल शिक्षण मंडळांचे काम वाढले. बहिःशाल म्हणजे विद्यापीठाच्या भिंतींबाहेरचे शिक्षण. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये अशा व्याख्यानांना आरंभ केला होता. पुणे विद्यापीठाच्या मंडळाने पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने सुरू केलेली व्याख्यानमाला लहान गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतील ‘बौद्धिक’, म्हणजे सकाळच्या श्रमदानानंतर होणारे व्याख्यान, हा अशा व्याख्यानमालेचाच ग्रामीण अवतार म्हणता येईल.

या काळातील वक्त्यांत नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. समोरचा श्रोता जे गृहीत धरून आला असेल त्याचीच आधी तपासणी करायची, आणि मग पुराव्यानिशी एकेक पायरी चढत निष्कर्षाकडे जायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यामुळे त्यांच्याशी असहमत होणाऱ्या विद्यार्थ्यालाही युक्तिवाद कसा रचावा हे शिकायला मिळे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले आणि वणीचे प्राचार्य राम शेवाळकर यांची वाणी अधिक रसाळ होती आणि त्यांचा श्रोतृवर्गही अधिक मोठा होता. मात्र प्रश्न पेरण्याच्या कसोटीवर कुरुंदकरांचे स्थान वेगळे मानावे लागते.

आणखी एक वळण १९६७ मध्ये आले. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू करून विद्यार्थ्यांनाच आपल्याकडे बोलावले; दिवसा हाताने काम आणि नंतर विचारांची देवाणघेवाण, असा तिचा क्रम होता. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ मध्ये आरंभलेला ‘निर्माण’ हा युवकांसाठीचा उपक्रम त्याच वाटेने गेला. पाहुणा येऊन तासाभरात निघून जातो, या मर्यादेवरचा हा उपाय होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाविद्यालयांत स्पर्धा परीक्षांत यशस्वी झालेल्या अधिकाऱ्यांची व्याख्याने वाढली. ग्रामीण विद्यार्थ्याला आपल्यासारख्याच घरातील माणूस त्या पदावर पाहून धीर येतो, हा त्यांचा लाभ खरा आहे. पण यशाच्या कथेला प्रश्न विचारता येत नाही, तिला फक्त टाळ्या देता येतात. दुसरीकडे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅक या मूल्यांकन परिषदेमुळे प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल आणि छायाचित्र जपणे आवश्यक झाले. त्या अहवालात वक्त्याचे नाव, विषय आणि उपस्थितांची संख्या असते. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि परिचय यांत पहिला अर्धा तास जातो, आणि शेवटी वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नसल्याबद्दल सूत्रसंचालक दिलगिरी व्यक्त करतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी निबंध वाचून चर्चा करणारा विद्यार्थी या क्रमात हळूहळू केवळ उपस्थितीच्या आकड्यापुरता उरला, हे या मागोव्यातील सर्वांत दुःखद निरीक्षण आहे.

याला छेद देणारे एक साधे उदाहरण डॉ. जयंत नारळीकर यांचे आहे. पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेत शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने भरवण्याची प्रथा त्यांच्या काळात रुजली. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत तेव्हा वहीवर सही देण्याऐवजी ते सांगत की, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी मिळेल. सही हवी असेल तर आधी प्रश्न शोधावा लागे.

विद्यार्थ्याला असे प्रश्नाकडे नेण्यासाठी महाविद्यालयांना नवी योजना नको की निधी नको. सत्कार पाच मिनिटांत आटोपावा, परिचय छापून वाटावा, आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना द्यावा; व्याख्यान ऐकलेल्या एका तरी विद्यार्थ्याचे वा विद्यार्थिनीचे टिपण, मतभेदासह, त्या वर्षीच्या नियतकालिकात छापावे, आणि त्याची एक प्रत वक्त्याला पाठवावी.