कंपनीतली ती हिरव्या अक्षरांची स्क्रीन अजून चालू आहे, तिच्यावर मारियाडीबी बसवता येतं का?

काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउसला काही कामच नाही. स्टोअरमधला माणूस कीबोर्डवर चार बटणं दाबतो आणि दोन सेकंदात सांगतो, "साहेब, ४० पेट्या शिल्लक आहेत."

जुन्या कंपनीत काम केलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. त्या स्क्रीनमागे बऱ्याचदा आयबीएमचं एएस/४०० नावाचं मशीन असायचं, आणि काही ठिकाणी त्याचा वारसदार आजही आहे.

आता मालकाला तोच साठा मोबाईलवर बघायचाय. मग कुणीतरी सुचवतं, "मारियाडीबी टाकू, फुकट आहे." खरंच जमतं का? तर जमतं. पण घाई केली तर काय हातचं जाऊ शकतं, ते आधी समजून घेऊ.

हे मशीन आलं कुठून?

आयबीएमनं १९७८ मध्ये भारत सोडला होता. कंपनी परत आली १९९२ मध्ये, टाटांसोबत भागीदारी करून. एएस/४०० जगासमोर आलं होतं जून १९८८ मध्ये.

इकडे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजची एमआयडीसी वाढत होती. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि आजूबाजूला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. अशा पट्ट्यातला एक कारखाना उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर ठेवू. त्याचा साठा, बिलं, पुरवठादारांचे हिशोब, सगळं या एका मशीनमध्ये आहे.

मशीनचं नाव पुढं बदलत गेलं. २००८ पासून त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमला आयबीएम आय म्हणतात. पण जुने प्रोग्राम नव्या मशीनवरही चालले पाहिजेत, हा शब्द कंपनीनं बऱ्यापैकी पाळला. म्हणून लोकांनी ते सोडलं नाही.

आत डेटाबेस असताना दुसरा कशाला?

या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच डीबी२ नावाचा डेटाबेस येतो आणि तो दणकट आहे. अडचण दुसरीकडे आहे. वर्डप्रेससारखी वेबवरची अनेक तयार सॉफ्टवेअर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी मागतात. डीबी२ त्यांना चालत नाही.

हे ओळखून २००७ च्या सुमारास मायएसक्यूएल या मशीनवर आणलं गेलं. २००८ मध्ये मायएसक्यूएलची कंपनी सननं घेतली आणि २०१० मध्ये सन गेली ऑरॅकलकडे. त्यानंतर या मशीनसाठी मायएसक्यूएल देणं बंद झालं.

बंद सॉफ्टवेअर असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण मायएसक्यूएलचा कोड खुला होता. त्याचे एक निर्माते मॉन्टी विडेनियस यांनी तोच कोड घेऊन मारियाडीबी उभं केलं. मायएसक्यूएलमधलं 'माय' हे त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव, मारिया हे धाकटीचं. आज मारियाडीबी आयबीएम आयसाठीच्या ओपन सोर्स पॅकेजांमध्ये मिळतं.

बसवतात कसं?

या मशीनच्या पोटात पेस नावाचा एक कप्पा आहे. त्यात युनिक्सच्या जगातले प्रोग्राम चालतात. मारियाडीबी राहतं तिथं.

१. आधी आवृत्ती बघा. ७.२ च्या आधीची असेल तर ही पॅकेजं चालणार नाहीत. मग शेजारी लिनक्सचा एक साधा पीसी ठेवून त्यावर मारियाडीबी टाकणं बरं.

२. पूर्ण बॅकअप घ्या. सेव्ह मेनूमधला २१ नंबरचा पर्याय त्यासाठीच आहे. त्या वेळी सगळ्यांना सिस्टीमबाहेर काढावं लागतं, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी करा.

३. यम नावाच्या साधनानं मारियाडीबीचं पॅकेज उतरवा. लिनक्स वापरणाऱ्यांना यम माहीत असतं. २०१८ पासून ते इथंही आहे.

४. मारियाडीबीसाठी वेगळा, कमी अधिकारांचा युजर बनवा. सुरक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यावरून ते चालवू नका. त्यात एक भोक पडलं तर अख्खी कंपनी उघडी पडते.

५. पासवर्ड घाला, चाचणीचे युजर काढून टाका आणि ३३०६ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

मराठी नावांचं काय होतं?

हे मशीन अक्षरं एब्सिडिक नावाच्या जुन्या पद्धतीनं साठवतं. वेबचं जग चालतं यूटीएफ-८ वर. मधलं भाषांतर नीट सांगितलं नाही, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

जागेचाही हिशोब बदलतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. 'वाळूज' या शब्दात ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट झाले. १० बाइटांच्या रकान्यात ते मावणार नाही. मारियाडीबीत सुरुवातीलाच यूटीएफ८एमबी४ निवडा. नंतर बदलणं डोकेदुखीचं असतं.

खरा धोका कुठे आहे?

पहिला धोका बॅकअपचा. बऱ्याच कंपन्यांत रोज रात्री फक्त लायब्ररींचा बॅकअप होतो, कारण वर्षानुवर्षं सगळा डेटा तिथंच होता. मारियाडीबी मात्र फाइलींच्या वेगळ्या भागात बसतं. म्हणजे टेप रोज निघते, पेटीत जाते आणि नवा डेटा तिच्यात नसतोच! हे कळतं ते डिस्क गेल्यावर. म्हणून मारियाडीबीचा डंप रोज वेगळा काढा आणि महिन्यातून एकदा तो दुसरीकडे उघडून बघा.

दुसरा धोका दोन आकड्यांचा. डीबी२ म्हणतं ४० पेट्या, मोबाईल म्हणतो ६५. मोबाईलवर विसंबून ट्रक लावला, तर माल अपुरा पडतो. मग ओरडा खातो तो स्टोअरमधला माणूस, ज्याची काही चूक नाही.

यावर उपाय साधा आहे. खरा हिशोब एकाच ठिकाणी, म्हणजे डीबी२ मध्ये ठेवा. तिथून रोज रात्री हवी तेवढीच माहिती मारियाडीबीत उतरवा. वेबवरून ती फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही. आणि स्क्रीनवर ठळक लिहा, "ही माहिती काल रात्री २ वाजेपर्यंतची आहे."

मारियाडीबीला पैसे लागत नाहीत हे खरं. पण ते सांभाळायला माणूस लागतो. हिरवी स्क्रीन समजणारा जुना माणूस निवृत्तीला आला असेल, तर हे काम तो असेपर्यंत करा. शेजारी एखादा नवा मुलगा बसवा आणि प्रत्येक पायरी मराठीत वहीत लिहून घ्या. कुठल्या फाइलीत कसला हिशोब आहे, हे बहुतेक वेळा त्या एका माणसाच्याच डोक्यात असतं, आणि त्याचा बॅकअप कुठल्याच टेपवर नसतो.