तांब्याची तार गेली, आता फोनला वीज कोण देणार?

घरचा लँडलाइन काढून इंटरनेटवरचा फोन घ्यावा का? हे विचारणाऱ्या बहुतेकांना आवाजाची काळजी असते. खरं तर काळजी विजेची करायला हवी. कसं, ते बघू.

आधी आवाज. नेहमीच्या पद्धतीत इंटरनेट फोन आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतो. प्रत्येक मोजमाप ८ बिटचं, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. त्यांची साधारण २०-२० मिलिसेकंदांची पाकिटं करून पाठवली जातात. पाकिटं मागेपुढे पोहोचतात, म्हणून पलीकडचं यंत्र ती क्षणभर थोपवतं, रांगेत लावतं आणि मग ऐकवतं. या सगळ्याला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर आपल्याला सहसा काही जाणवत नाही. चांगल्या फायबरला हे सहज जमतं.

आता वीज. तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नव्हता; एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे सुमारे ४८ व्होल्टही येत होते. म्हणून घरात अंधार असला तरी साधा वायरवाला फोन चालायचा. (कॉर्डलेसला तेव्हाही घरची वीज लागायचीच.) फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर, दोन्ही घरच्या विजेवर चालतात. लाइट गेली की फोनही गेला.

मोबाइलला रेंज असेल तर फारसं अडत नाही. पण गावी आजी-आजोबा दोघंच, घरात रेंज नाही आणि पावसात लाइट गेलेली. मग ११२ लावायचा कशावरून?

यावर उपाय आहे : मिनी यूपीएस. डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं असेल, तर तो जास्तीत जास्त १२ वॉट घेणार. ४ तासांसाठी ४८ वॉट-तास. राउटर वेगळा असेल तर त्याचेही मिळवा आणि बॅटरी थोडी मोठीच घ्या.

मग मेन स्विच बंद करून फोन लावून बघा. पुढे अख्ख्या गल्लीची लाइट जाईल तेव्हा पुन्हा बघा, कारण वाटेत कंपनीची यंत्रं असतील तर त्यांनाही वीज लागते. तुमची बॅटरी त्यांना पुरत नाही.

दोन्ही वेळा फोन लागला, तरच जुनी लाइन बंद करायचा अर्ज द्या.