बाळाला पुन्हा पुन्हा त्याच जागी न्यूमोनिया होतोय?

तान्ह्या बाळाला धाप लागली, छाती उडू लागली, तर बहुतेक वेळा कारण जंतुसंसर्ग असते. पण औषधे पूर्ण होऊनही एक्स-रेवरचा डाग जात नसेल, किंवा न्यूमोनिया दर वेळी त्याच जागी होत असेल, तर फुफ्फुसात जन्मजात दोष आहे का, हे तपासायला हवे.

हे दोष कोणते?

- सीपीएएम : फुफ्फुसाच्या एखाद्या भागात पोकळ गाठी असतात.
- लोबार एम्फिसीमा : एका खंडात हवा अडकून तो फुग्यासारखा फुगतो.
- सिक्वेस्ट्रेशन : फुफ्फुसाचा एक तुकडा श्वासनलिकेला जोडलेलाच नसतो आणि त्याला रक्त बहुधा थेट महाधमनीतून मिळते.

हे दोष आईच्या खाण्यापिण्यामुळे किंवा ग्रहणामुळे होत नाहीत.

एक्स-रे पुरेसा का नाही?

पाणी भरलेल्या गाठी न्यूमोनियासारख्या दिसतात. फुगलेला खंड न्यूमोथोरॅक्ससारखा, म्हणजे फुफ्फुसाबाहेर हवा साठल्यासारखा दिसू शकतो. न्यूमोथोरॅक्समध्ये छातीत नळी घालतात. फुगलेल्या खंडात ती घातली तर बाळ आणखी बिघडू शकते. म्हणून बाळ स्थिर झाल्यावर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करतात. त्यात गाठी आणि वेगळी रक्तवाहिनी, दोन्ही दिसतात.

तुम्ही काय आणाल?

आतापर्यंतचे सगळे एक्स-रे तारखेनुसार लावून आणा. नुसता रिपोर्ट नको, फिल्मही हवी. डाग तीच जागा धरून आहे का, हे फिल्म शेजारी ठेवल्यावरच कळते. गरोदरपणात 18 ते 20 आठवड्यांना केलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्टही आणा. त्यात गाठ दिसली होती आणि नंतरच्या सोनोग्राफीत दिसली नाही, तरी जन्मानंतर तपासणी टाळू नका.

कुठे जावे?

नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. तिथे बालरोग विभागात दाखवा. शस्त्रक्रियेसाठी बालशल्यचिकित्सक लागतात, त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागू शकते. दोषी भाग काढल्यावर उरलेले फुफ्फुस वाढत राहते आणि बहुतेक मुले नेहमीसारखी खेळतात. प्रत्येक बाळाला लगेच शस्त्रक्रिया लागतेच असे नाही.

थांबू नका

बाळ शांत असताना पूर्ण 1 मिनिट श्वास मोजा. 2 महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त श्वास असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ निळे पडले, बाळ कण्हू लागले, दूध ओढेनासे झाले किंवा बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर लगेच 108 ला फोन करा. पोटावर चटके किंवा बिब्बा अजिबात नको. त्याने त्वचा भाजते, श्वास सुधारत नाही.