पुसलेली पाटी आणि ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ज्या भागाकडे असते, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. हे कार्ड कधी कधी मोठ्या विचित्र रीतीने बंद पडते. त्याच्यातील मूळ आज्ञावली बदलण्याचा प्रयत्न मध्येच फसतो आणि पुढच्या वेळी संगणक सुरू केला की पंखा फिरतो, दिवे लागतात. पडदा मात्र काळाच राहतो. हजारो रुपयांचे कार्ड अशा वेळी ‘जळले’ असे समजून भंगारात टाकले जाते. वस्तुतः बहुतेक वेळा त्यात काहीच जळलेले नसते. मग बिघडते काय, आणि ते दुरुस्त कसे करतात?

पहिली आज्ञा कोण देतो?

ग्राफिक्स कार्डावरील मुख्य चिप सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करते. परंतु वीज मिळाली त्या क्षणी किती वेगाने चालायचे, किती व्होल्ट घ्यायचे, शेजारच्या स्मृतीशी कसा व्यवहार करायचा, यातले पुष्कळसे तिला ठाऊक नसते. ही माहिती जवळच बसवलेल्या, बहुधा आठ पायांच्या, एका लहानशा चिपमध्ये लिहून ठेवलेली असते. वीज गेली तरी तेथील मजकूर टिकतो. यालाच फर्मवेअर म्हणतात. पूर्वीच्या अनेक कार्डांवर त्यासाठी १२८ किलोबाइट जागा असे. अलीकडच्या कार्डांवर ती एक-दोन मेगाबाइटपर्यंत गेली आहे. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही याहून मोठे असते!

संगणक सुरू होताना मुख्य बोर्ड या मजकुराची पहिली दोन बाइट तपासतो. ती ८५ आणि १७० असावी लागतात. द्विमान पद्धतीत हे आकडे ०१०१०१०१ आणि १०१०१०१० असे लिहितात. ही खूण सापडली, तरच पुढच्या आज्ञा पाळल्या जातात. खूण नसेल तर कार्ड धडधाकट असूनही कामाला लागत नाही.

पुसणे आणि लिहिणे

या चिपमध्ये मजकूर टिकतो तो विद्युतभाराच्या रूपाने. प्रत्येक बिटासाठी एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. त्यात चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक कप्पा असतो. ही कल्पना दाओन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ साली बेल प्रयोगशाळेत मांडली. कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवले की तो बिट ० समजायचा. कप्पा रिकामा असला की १. बाहेर पडायला वाट नसल्याने हे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे आत राहतात.

मग पुसताना ते बाहेर येतात कसे? समजा, रोधकाचा थर १० नॅनोमीटर जाड आहे आणि त्यावर आपण १० व्होल्टचा दाब दिला. दाबाला जाडीने भागले, तर विद्युतक्षेत्र मीटरला १०० कोटी व्होल्ट एवढे येते! हवेत मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. एवढ्या प्रबळ क्षेत्रात इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या नियमानुसार, जणू भिंतीतून बोगदा काढावा तसे, पलीकडे निसटतात.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या ‘फ्लॅश’ स्मृतीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात बिटांचा मोठा गट एकदम पुसता येतो. आपल्या आठ पायांच्या चिपमध्ये हा गट सामान्यतः ४०९६ बाइटांचा असतो. लिहिताना १ चा ० करता येतो. परंतु ० चा १ करायचा झाल्यास सगळा गट पुसावा लागतो. म्हणून नवे फर्मवेअर भरताना आधी जुने पुसणे अटळ असते.

संकट नेमके येथेच आहे. पाटी पुसली आणि नवे अक्षर उमटण्यापूर्वी वीज गेली, तर पाटीवर उरते काय? सगळे १, म्हणजे प्रत्येक बाइट २५५. त्यात ८५ आणि १७० ही खूण कोठून सापडणार?

बेरीज जुळते, तरी चूक उरते

अर्धवट मजकूर ओळखण्यासाठी आणखी एक युक्ती असते. पारंपरिक फर्मवेअरमधील सर्व बाइटांची बेरीज २५६ ने भागली असता बाकी शून्य यावी लागते. त्यासाठी एक बाइट मुद्दाम राखून ठेवलेले असते. उदाहरणार्थ, ८५, १७०, ४ आणि ६० या चार आकड्यांची बेरीज ३१९ होते. पाचवे बाइट १९३ ठेवले, की बेरीज ५१२ होऊन नेमका भाग जातो. एखादे बाइट चुकले तर बाकी उरते आणि चूक उघडकीस येते.

मात्र बेरीज जुळली म्हणजे मजकूर याच कार्डासाठी आहे, असे सिद्ध होत नाही. डिसेंबर २०१० मध्ये एएमडी कंपनीची रेडिऑन एचडी ६९५० आणि ६९७० ही कार्डे बाजारात आली. दोन्हींवरील मुख्य चिप एकाच घडणीची; स्वस्त ६९५० मध्ये १५३६ पैकी १४०८ गणक-घटक तेवढे चालू ठेवलेले होते. काही हौशी मंडळींनी ६९५० मध्ये ६९७० चे फर्मवेअर भरले आणि अनेक कार्डांवर उरलेले १२८ घटक खरोखर जागे झाले! पण त्या फर्मवेअरने स्मृतीचा वेगही १२५० वरून १३७५ मेगाहर्ट्झवर नेला. ६९५० वरील स्मृती-चिपा एवढ्या वेगासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यामुळे काही कार्डांच्या पडद्यावर ठिपके आणि पट्टे उमटू लागले. फर्मवेअर निर्दोष होते. फक्त ते दुसऱ्याचे होते.

जागे करण्याचे तीन मार्ग

झोपलेल्याला उठवायला कोणी तरी जागे असावे लागते. दुरुस्तीचे तिन्ही मार्ग या एका तत्त्वावर चालतात.

पहिला मार्ग जोडप्रतीचा. वर सांगितलेल्या कार्डांवर फर्मवेअरच्या दोन प्रती आणि एक लहान खटका असे. त्यातील एक प्रत कारखान्यातूनच कुलूपबंद केलेली होती. खटका चांगल्या प्रतीकडे ठेवून संगणक सुरू करायचा, मग संगणक चालू असतानाच तो बिघडलेल्या प्रतीकडे सरकवायचा आणि तेथे मूळ मजकूर पुन्हा लिहायचा. आजही अनेक कार्डांवर अशी सोय असते.

दुसरा मार्ग शेजाऱ्याच्या मदतीचा. खटका नसेल, तर चित्र दाखवण्याचे काम प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सकडे किंवा दुसऱ्या साध्या कार्डाकडे द्यायचे. आजारी कार्डाला चित्र दाखवता येत नसले, तरी संगणकाच्या हाकेला ते बहुधा ओ देते. मग आधी जपून ठेवलेली मूळ प्रत, त्या कार्डासाठी असलेल्या आज्ञावलीच्या साहाय्याने परत भरता येते.

तिसरा मार्ग थेट चिपला हात घालण्याचा. कार्ड बसवल्यावर संगणकच सुरू होत नसेल, तर ते बाहेर काढतात. आठ पायांच्या चिपवर एक चिमटा बसवतात आणि बाहेरच्या लेखनयंत्राने मजकूर लिहितात. त्यापूर्वी चिपवरील क्रमांक वाचून तिला ३.३ व्होल्ट लागतात की १.८, हे पाहणे अत्यावश्यक आहे. १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट दिले, तर जे आतापर्यंत जळले नव्हते ते खरोखरच जळेल! मग चिपमधील मजकूर दोनदा वाचून दोन्ही वाचने ताडून पाहायची. ती जुळली नाहीत, तर चिमट्याचा एखादा पाय नीट टेकलेला नाही असे समजावे. वाचने जुळल्यावरच पुसायचे, लिहायचे आणि पुन्हा वाचून खात्री करायची.

हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. कोरड्या हवेत अंगावर साचलेला स्थिरविद्युतभारही चिपला अपाय करू शकतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ‘खाणकाम’ थांबले आणि त्यासाठी वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली. त्यांतील कित्येकांचे फर्मवेअर बदललेले होते. तेव्हा शाळेसाठी किंवा घरी जुने कार्ड घेतले, तर प्रथम त्यातील फर्मवेअरची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवावी. त्यावर कार्डाचे नाव आणि तारीख लिहावी. आणि पडदा काळा दिसला म्हणून कार्ड भंगारात देण्यापूर्वी एवढे तरी पाहावे, की यंत्र मोडले आहे, की त्याची पाटीच तेवढी पुसली गेली आहे?