पुनरुत्थानानंतर (लेखांक सहावा) : पळी कोणाच्या हाती?

मागच्या लेखांकात आपण पेन्टेकॉस्टपर्यंत आलो. वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, चाळीस दिवस शिष्यांना भेटत राहिला आणि स्वर्गारोहणापूर्वी त्यानं त्यांना पुढची वाट आखून दिली : यरुशलेम, यहूदीया, शोमरोन आणि मग पृथ्वीचा शेवट. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या भाषेत सुवार्ता ऐकली. इथवर सगळं भारावून टाकणारं आहे. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणारा लूक झाकपाक करत नाही. सहाव्या अध्यायात तो मंडळीतलं भांडण सांगतो, आणि ते भांडण दोन भाषांच्या माणसांतलं आहे. बेळगाव-निपाणीच्या वाचकाला हा अध्याय फोड करून सांगावा लागू नये.

मंडळीत गरीब विधवांना रोज अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली, की आमच्या विधवांना वगळलं जातं. दोन्ही बाजू यहूदीच, दोघांचाही विश्वास त्याच पुनरुत्थानावर. वेगळी होती ती बोली, आणि बोलीबरोबर चिकटणारा ‘बाहेरचे’ हा शिक्का. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. इथे वाढणारा आपला नाही, हेच त्यांचं दुखणं असावं.

प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांची समजूत घालून त्यांना परत पाठवलं नाही. ‘ख्रिस्तात आपण सारे एक’ हे प्रवचनही ऐकवलं नाही. सात माणसं निवडा, म्हणाले. मंडळीनं निवडलेल्यांची नावं पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. निकलाव तर जन्मानं यहूदीही नव्हता, अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला. नाव ग्रीक म्हणजे माणूस ग्रीकभाषकच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण बारा प्रेषितांतही एक फिलिप्प होताच. पण सातपैकी सात? ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी दिली गेली, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

पुढचं तर त्याहून महत्त्वाचं. या सातांपैकी स्तेफन पहिला हुतात्मा झाला. छळ सुरू झाला, मंडळी पांगली, प्रेषित मात्र यरुशलेमातच राहिले. शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगितली ती फिलिप्पानं, म्हणजे अन्नवाटपाला नेमलेल्या माणसानं.

आता आपल्या भागाकडे येऊ. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून इथे आले. पुढे विल्यम बेनन येऊन मिळाले. शहरात मराठी आणि कन्नड, छावणीत तमिळ. एका भाषेवर भागणारच नव्हतं. बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावात त्या काळाची खूण आजही आहे. १९०४ मध्ये हे काम मेथडिस्टांकडे सोपवलं गेलं. दक्षिणेला धारवाडात १८३७ पासून बासेल मिशन होतं, त्यांचा भर कन्नडवर.

निपाणीची वाट वेगळी, ती कोल्हापूरहून आली. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात उतरले तेव्हा यांना इथून घालवा म्हणून गावातून अर्ज गेले होते. ते टिकले. १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाखाली गेलं. सांगली आणि मिरज ही ठाणी त्यातूनच उभी राहिली, आणि विसाव्या शतकात निपाणीही. कोल्हापुरात जन्मलेल्या त्यांच्या मुलानं, रॉबर्टनं, पुढे अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांना मिशनकार्याकडे वळवणारी चळवळ उभी करायला हातभार लावला. पृथ्वीचा शेवट कुठे मानायचा ते आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं, एवढंच.

मिशनांनी मुलूख वाटून घेतले, तशा उपासनेच्या भाषाही वाटल्या गेल्या. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची रेघ बदलली आणि बेळगाव-निपाणी कन्नडभाषक राज्यात गेली. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली, तेव्हा कोकणी, मराठी, कन्नड की इंग्रजी हा प्रश्न त्यांच्याही दारात आला.

इस्टरच्या पहाटे दफनभूमीत गेलात तर हा सगळा इतिहास ओळीनं मांडलेला दिसतो. चुना लावलेल्या कबरी, त्यांवर मेणबत्त्या, झेंडूच्या माळा. आजोबांच्या दगडावर देवनागरी, मुलाच्या दगडावर इंग्रजी, शेजारच्या व्याह्यांच्या दगडावर कन्नड. शिकलेली नातवंडं ‘उपासना संगीता’तली गीतं पाठ म्हणतात, पण काहींना देवनागरी सराईत वाचता येत नाही. म्हणून मराठी गीत कन्नड नाहीतर रोमन अक्षरांत मोबाइलवर उतरवून घेतात आणि सुरात म्हणतात. वर्तमानपत्रांत सीमाप्रश्न जितका तापतो, तितका तो या पहाटे तापलेला नसतो.

पण एवढ्यावर पाठ थोपटून घेऊ नये. दोन भाषांत गाणं हा सोपा भाग आहे. पंचकमिटीत कोण बसतं, मिशन कंपाउंडच्या किल्ल्या कोणाकडे, शाळा-दवाखान्यांतल्या नोकऱ्या कोणत्या घराण्यांत फिरतात, विड्या वळून पोट भरणाऱ्या विधवेच्या घरचं आजारपण पाळकसाहेबांच्या कानावर किती दिवसांनी जातं, हा अवघड भाग. इथे नुसती भाषा आड येत नाही. मूळची जात, गाव आणि ‘आम्ही जुने ख्रिस्ती’ हा तोराही येतो. पुनरुत्थानाची साक्ष म्हणून मोठमोठे मेळावे भरवण्याआधी आपल्या मंडळीत कोणाचं पान वाढायचं राहिलं हे पाहणं, हा सहाव्या अध्यायातला क्रम आहे आणि माझ्या मते तो उलटा करता येत नाही.

पुढच्या आठवड्यात आपण फिलिप्पाबरोबर शोमरोनात जाऊ. तोवर वाचकांनी ‘प्रेषितांची कृत्ये’चे सहा ते आठ हे अध्याय एका बैठकीत वाचून ठेवावेत, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही पवित्र शास्त्रं असतील, तर एरवी हाती घेत नाही ते घ्यावं.