होडी खांद्यावर येते तेव्हा
पाण्यावरची भटकंती : लेखांक ७

जानेवारीत पानशेतच्या बॅकवॉटरला गाडी लावली की पाणी वीसेक पावलांवर असतं. मे महिन्यात त्याच जागी उभं राहिलं तर पाणी पार खाली सरकलेलं दिसतं. मध्ये भेगाळलेली माती, मग दगड, आणि शेवटच्या टप्प्यात पोटरीपर्यंत चिखल. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांची साठवण मिळून सुमारे २९ टीएमसी. पुण्याचे नळ आणि दौंड-इंदापूरकडची शेती त्याच पाण्यावर, तेव्हा उन्हाळ्यात काठ लांब जाणारच. ते अंतर कयाक, वल्ही, लाइफ जॅकेट, तंबू आणि शिधा घेऊन आपल्याला चालायचं असतं. मागच्या आठवड्यात वल्ह्याची लांबी कशी ठरवायची ते पाहिलं. आज सॅक.

होडी आणि सामान जमिनीवरून वाहून नेण्याला कॅनडात पोर्टेज म्हणतात. तिथं तळ्यामागून तळं, आणि दोन तळ्यांमध्ये जंगलातली पायवाट. फरच्या व्यापारातले नावाडी या वाटांवर सुमारे ९० पौंडांचे, म्हणजे ४१ किलोंचे गठ्ठे वाहत, तेही एका खेपेला दोन-दोन. १८८२ साली मिनेसोटातल्या डुलुथ गावच्या कमिल पुआरिए यानं कॅनव्हासच्या एका सॅकचं पेटंट घेतलं. तिला खांद्याचे दोन पट्टे होतेच, शिवाय डोक्यावरून घ्यायचा एक रुंद पट्टाही होता. कनूवाले आजही त्याच घाटाच्या सॅक वापरतात.

त्या डोक्यावरच्या पट्ट्याचं मला फार अप्रूप वाटतं, कारण त्यामागचं शहाणपण आपल्याकडे घरोघरी होतं. चुंबळ आठवा. जुन्या लुगड्याचा पिळा गोल वळून टाळूवर ठेवायचा, त्यावर हंडा किंवा सरपणाची मोळी. भार थेट मणक्यावरून खाली उतरतो, खांदे मोकळे राहतात, मान मात्र सरळ ठेवावी लागते. सॅकचा पट्टाही कपाळावर नव्हे, टाळूच्या किंचित पुढं बसला तरच काम करतो. पण मानेला लहानपणापासून सवय असलेल्या बाईची गोष्ट वेगळी आणि आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या आपली वेगळी. म्हणून नवशिक्यांनी डोक्याच्या पट्ट्याच्या वाटेला जाऊ नये, कंबरपट्ट्यावरच भर द्यावा.

दुकानात पहिला प्रश्न येतो, किती लिटरची दाखवू? माझ्या मते त्याआधी खेपा मोजाव्यात. वाट पाचशे मीटरची असेल आणि सगळं एका खेपेत गेलं तर चाल पाचशे मीटरच. दोन खेपा करायच्या झाल्या तर जाणं, रिकामं परतणं आणि पुन्हा जाणं, म्हणजे दीड किलोमीटर. फ्लॅटमध्ये राहणारे पुणेकर बहुधा फुगवायची कयाक घेतात. दोघांची कयाक घडी करून पंधरा किलोंच्या आसपास भरते आणि तीच एक सॅक होऊन बसते. मग दोघांचं गणित असं बसतं : एकाच्या पाठीवर होडी, दुसऱ्याच्या पाठीवर एका मुक्कामाचं सामान, वल्ही हातात. सामानाला ५० ते ६० लिटर पुरतात. त्याहून मोठी सॅक घेतली की ती भरण्याचा मोह होतो, आणि स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं चिखलातून नेणं गुडघ्यांना महागात पडतं.

आकाराचं म्हणाल तर राजगड-तोरण्याला नेतो ती उंच, निमुळती सॅक इथं फारशी उपयोगाची नाही. टणक होडी खांद्यावर उलटी घेतली की सॅकचं वरचं टोपण तिला अडतं आणि मान पुढं ढकलली जाते. होडीत आडवी टाकली तर आतली फ्रेम तळाला टोचत राहते. बुटकी, रुंद, डोक्याच्या खाली संपणारी सॅक घ्यावी. बाहेर लोंबणारे कप्पे, जाळ्या, दोऱ्या जितक्या कमी तितकं बरं.

लिटरपेक्षा महत्त्वाचं माप पाठीचं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका उठून दिसतो, तिथं टेपचं टोक धरायला घरच्या कुणाला तरी सांगा. दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागं, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर. अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत जे अंतर भरेल ते तुमच्या पाठीचं माप. उंच माणसाची पाठ लांब असेलच असं नाही. कंबरपट्टा पोटावर नव्हे, त्या हाडांवर बसला पाहिजे. बराचसा भार तिथंच उतरतो.

आता पाणी. पहिल्या वर्षी मी रेनकव्हरवर विसंबलो होतो. रेनकव्हर वरून पडणारा पाऊस अडवतं, पण होडीच्या तळाशी साचलेलं पाणी पाठीकडच्या उघड्या बाजूनं आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. मुक्कामाला पोचून पाहिलं तर कव्हरच्या तळाला पाण्याची झोळी धरली होती. स्लीपिंग बॅग चिंब, तांदूळ फुगलेले. रात्र शेकोटीशी बसून काढली. तेव्हापासून सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालतो, धान्याच्या गोणीला आतून असते तसली. तोंडाला पीळ देऊन, दुमडून, घट्ट बांधायची. पैसे असतील तर तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बक्कल लावायची ड्राय बॅग घ्या. घरी आल्यावर मात्र ती धुऊन, तोंड उघडं ठेवून सावलीत वाळवा. पुण्याच्या पावसाळ्यात घडी घालून माळ्यावर टाकलेल्या सॅकचा आतला लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात.

एक गोष्ट जिवाची आहे. चिखलातून किंवा पाण्यातून चालताना कमरेचं आणि छातीचं बक्कल सोडून ठेवा. पाय घसरला तर सॅक झटक्यात टाकता आली पाहिजे. होडीत सॅक आखूड दोरीनं बांधा, लांब दोरीत पाय अडकतात.

विकत घेण्याआधी दुकानातच दहा किलो भरून फिरून पाहा. घेतल्यावर एक लिटरच्या बारा बाटल्या पाण्यानं भरून सॅकमध्ये घाला आणि सकाळी पर्वती चढा. १०३ पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर खांद्यावर वळ उठला असेल तर कंबरपट्टा सैल आहे किंवा पाठीचं माप चुकलंय. पट्टा आवळून उतरा आणि पुन्हा चढा. उतरताना गुडघे कुरकुरले तर वरच बाटल्या रिकाम्या करा, तिथल्या झाडांना पाणी होईल.

(पुढच्या आठवड्यात : लाइफ जॅकेट)